टिटवीचे चित्र भिंतीवर का नव्हते?



आपल्या चर्चच्या सणानिमित्त हॉलमध्ये भरलेले पक्षीचित्रांचे छोटेसे प्रदर्शन आपण आवर्जून पाहिलेत, मुलाबाळांना घेऊन आलात, वहीत कौतुकाचे चार शब्द लिहिलेत, त्याबद्दल आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. वसईच्या मिठागरांत, खाडीकाठी आणि आपल्या वाड्यांमध्ये दिसणाऱ्या पक्ष्यांची ती चित्रे आम्ही चार-पाच जणांनी जागेवर बसून जलरंगात केली होती.

त्या दोन दिवसांत एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला गेला. “ते टिटवीचं चित्र का नाही लावलं? अंड्यांजवळ उभी असलेली? तेच तर सगळ्यांत चांगलं होतं!” ज्यांनी ते चित्र आमच्या घरी पाहिले होते, त्यांना ते भिंतीवर न दिसल्याचे नवल वाटले. गर्दीत आम्ही “फ्रेम करायचं राहून गेलं” असे सांगून वेळ मारून नेली.

ते उत्तर खरे नव्हते. चित्र राहून गेले नव्हते, आम्ही ते मुद्दाम लावले नव्हते. चर्चच्या आवारात दिलेले खोटे उत्तर चर्चच्याच पत्रिकेतून दुरुस्त करावे, असे आम्हाला वाटते. शिवाय त्या चित्रामागे जो प्रश्न आहे तो केवळ चित्रे काढणाऱ्यांचा नाही. आपण दुसऱ्या जिवाकडे कसे पाहतो, किती पाहतो आणि पाहण्याचा आपला अधिकार कुठे संपतो, हा तो प्रश्न आहे.

बसणे आणि वाट पाहणे

प्रथम आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगू, म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. शनिवारी उजाडायच्या आत आम्ही निघतो. सामान थोडेच असते. घडीचे स्टूल, दुर्बीण, पुठ्ठ्याला क्लिपने लावलेला जाड कागद, पेन्सिल, बारा रंगांची डबी, दोन ब्रश आणि पाण्याची बाटली. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत उत्तरेकडून आलेले तुतवार आणि चिखल्या मिठागरांत उतरलेले असतात. बगळे, ढोकरी, खंड्या, टिटवी हे तर आपले बारमाही शेजारी.

नवीन माणूस बसल्या बसल्या पेन्सिल चालवू लागतो. आमचा नियम असा की पहिली दहा मिनिटे पेन्सिल खिशातच ठेवायची आणि नुसते पाहायचे. पक्ष्याचा भार कोणत्या पायावर आहे? मान किती आखडलेली आहे? चोच पाण्याला समांतर आहे की खाली झुकलेली? मग चार-पाच रेषांत तेवढेच कागदावर घ्यायचे. तेवढ्यात पक्षी वळतो. मग ते चित्र अर्धेच सोडून शेजारी दुसरे सुरू करायचे. अशी सात-आठ अर्धी पाखरे एका कागदावर जमतात. परंतु प्रत्येक पक्ष्याच्या काही लकबी असतात. थोड्या वेळाने तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहतो, तेव्हा पहिल्या चित्राकडे परत जाता येते. म्हणजे या कामात घाई करून काही मिळत नाही. पक्षी देईल तेव्हा आणि देईल तेवढेच घ्यावे लागते.

रंगाचे काम शेवटी येते. तैलरंगात चुकले तर वर दुसरा थर देता येतो. जलरंग पारदर्शक असतो. खाली जे केले ते वरच्या रंगातून दिसत राहते. म्हणून फिक्याकडून गडदाकडे, जपून जावे लागते. आमच्यातील एक शिक्षिका विनोदाने म्हणतात, “जलरंग म्हणजे कन्फेशनला बसल्यासारखं आहे, काही लपवता येत नाही!”

न पाहिलेले रंगवावे का?

आता पहिली अडचण सांगतो. तासभर बसूनही चित्र पुरे होत नाही. ढोकरीचे पाय गवतात होते, ते दिसलेच नाहीत. खंड्या पाठमोरा बसला होता, त्याची छाती दिसली नाही. घरी आल्यावर मोह होतो. सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे 1941 साली प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक आमच्यापाशी आहे. त्यात प्रत्येक पक्ष्याचे वर्णन आहे, पायाचा रंगसुद्धा. मग पुस्तकातून पाहून चित्र पुरे केले तर काय बिघडले?

यावर आमच्यात पुष्कळ वाद झाला. एक बाजू म्हणे, पक्ष्याला पाय असतातच, ते काढले तर त्यात खोटे काय? दुसरी बाजू म्हणे, पुस्तकातले पाय त्या जातीचे आहेत, या पक्ष्याचे नाहीत. आम्ही या पक्ष्यासमोर बसलो होतो, जातीसमोर नाही.

हा वाद एका शेकाट्याने मिटवला. शेकाट्या म्हणजे काळ्या पंखांचा, पांढऱ्या अंगाचा आणि लांबलचक गुलाबी पायांचा पाणपक्षी. तो उथळ पाण्यात एका पायावर उभा होता. पाणपक्षी विश्रांती घेताना एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतात, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून आमच्यातील एकाने दुमडलेल्या दुसऱ्या पायाचा भाग पोटाशी हलकेच दाखवला. चित्र छान झाले. मग शेकाट्या उडाला. उडताना या पक्ष्याचे दोन्ही पाय शेपटीच्या मागे लांब लोंबत असतात. आम्हाला एकच पाय दिसला. दुसरा गुडघ्याजवळच तुटलेला होता. कशाने तुटला कोण जाणे. त्या एका पायावर तो खाडीतला चिखल तुडवत होता, पोट भरत होता, थव्याबरोबर उडत होता. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट आम्ही आमच्या माहितीच्या जोरावर कागदावरून पुसून टाकली होती.

त्या दिवसापासून आम्ही ठरवले की जे दिसले नाही ते काढायचे नाही. प्रदर्शनातील काही चित्रांत पाय नव्हते, काहींत शेपटी अर्धी होती. “हे अपुरं का?” असे मुले विचारत होती. त्याचे कारण हे आहे.

ख्रिस्तसभा खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा शिकवते, तेव्हा ती केवळ कोर्टातल्या साक्षीपुरती नसते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये याच आज्ञेखाली उतावीळ मतांविषयी बजावले आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानून चालणे, हेसुद्धा त्या आज्ञेविरुद्ध आहे. तोंडाने काही बोललेच पाहिजे असे नाही. मनात चित्र पुरे केले, की झाले!

आणि अशी चित्रे आपण रोज पुरी करतो. मिस्सेच्या वेळी शेवटच्या बाकावर बसणारे एक गृहस्थ आहेत. प्रवचन संपले की ते उठून जातात. आम्ही मनात त्यांचे चित्र केव्हाच रंगवून टाकले होते. श्रद्धा नाही, नुसते तोंड दाखवायला येतात, वगैरे. शेकाट्याच्या प्रसंगानंतर आमच्यातील एकाने विचारले, “यातलं आपण प्रत्यक्ष काय पाहिलं?” पाहिले एवढेच होते की ते येतात, बसतात आणि लवकर जातात. बाकी सगळे आमच्या पदरचे होते. ते का जातात हे आम्हाला आजही माहीत नाही आणि ते माहीत करून घेणे हा आमचा अधिकारही नाही. पूर्वी आम्ही ती जागा भरून टाकली होती, आता ती कोरी ठेवली आहे. आता ते दिसले की आम्ही आपणहून ‘गुड मॉर्निंग’ करतो, एवढाच काय तो फरक.

बंदूक नसलेले हात

इथपर्यंत आम्ही स्वतःवर खूश होतो. आपण खरे पाहतो, खरे काढतो, असे आम्हाला वाटू लागले होते. शिवाय पूर्वीच्या चित्रकारांसारखे आपण पक्षी मारत तर नाही!

अमेरिकेतील जॉन जेम्स ऑड्युबॉन या प्रसिद्ध पक्षीचित्रकाराचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ हा त्याचा ग्रंथ 1827 ते 1838 या काळात निघाला. त्यात 435 मोठी चित्रे आहेत आणि पक्षी प्रत्यक्षात असतात त्याच मापाचे काढलेले आहेत. रोहित पक्ष्यासारख्या उंच पक्ष्याला कागदात बसवण्यासाठी त्याची मान खाली वाकवावी लागली! ती चित्रे पाहिली की पक्षी आता हलेल असे वाटते. परंतु ऑड्युबॉन पक्षी बंदुकीने मारत असे आणि मेलेल्या पक्ष्याला तारांच्या आधाराने जिवंतपणीच्या ढंगात उभे करून त्याचे चित्र काढत असे. त्या काळी दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या आणि बहुतेक अभ्यासक तसेच करत. आपल्या सलीम अलींची सुरुवातही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या एका चिमणीने झाली. ती चिमणी ओळखण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे सारे आयुष्य पक्ष्यांना वाहिले गेले. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी चिमणीचे ते पडणे ठेवले. ते नाव वाचून आपल्याला शुभवर्तमानातील चिमणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आमच्या हातात बंदूक नव्हती, पेन्सिल होती. म्हणून आमचे हात स्वच्छ आहेत, असे आम्ही धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये बंद पडलेल्या एका मिठागराच्या बांधाजवळ आम्हाला टिटवीचे घरटे दिसले. घरटे कसले, जमिनीवरचा एक उथळ खळगा, कडेने थोडे खडे, आणि त्यात मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची चार अंडी. ठाऊक नसेल तर पाय पडेल इतकी ती मातीत मिसळून गेलेली. पहिले दोन शनिवार आम्ही लांबून, दुसऱ्या बांधाआड बसून चित्रे काढली. टिटवी अंड्यांवर बसलेली, नर थोड्या अंतरावर पहाऱ्यावर. चांगली चित्रे होती, पण अंड्यांवरचे ठिपके दिसत नव्हते. आणि ‘जे दिसले नाही ते काढायचे नाही’ हा आमचाच नियम!

तिसऱ्या शनिवारी आम्ही पुढे सरकलो. नियम मोडायचा नाही म्हणून जवळ जायचे, असे आम्ही मनाला पटवले. टिटवी उठली, बाजूला झाली आणि ओरडू लागली. ती आमच्या डोक्यावरून घिरट्या घेई, खाली उतरे, अंड्यांजवळ येई, पुन्हा मागे होई. आम्ही तासभर बसलो. ऊन चढत होते. अंड्यांचा एकेक ठिपका आम्ही टिपला. टिटवीच्या डोळ्यापुढची लाल झालर, मानेवरून उतरणारा पांढरा पट्टा, पिवळे पाय आणि उघडलेली चोच हे सारे त्या दिवशी जसे जमले तसे पूर्वी कधीच जमले नव्हते.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा खळगा रिकामा होता. बाजूला कवचाचे दोन तुकडे पडले होते. पिल्ले निघायला अजून बरेच दिवस होते. बांधावरच्या खांबावर कावळे बसले होते. ते मागच्या शनिवारीही तिथेच बसलेले असल्याचे आमच्यातील एकाला आठवले. आम्ही त्यांच्याकडे तेव्हा पाहिले नव्हते.

घरी ते चित्र ज्यांनी ज्यांनी पाहिले, ते सगळे एकच गोष्ट म्हणाले, “किती जिवंत आहे! जणू आता ओरडेल.” तेच आमच्या मनाला लागत गेले. ती ओरडतच होती. आमच्यावर ओरडत होती. टिटवीचे ओरडणे अशुभ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या दिवशी तिच्या ओरडण्यात अशुभ काही नव्हते. “जा, इथून जा,” एवढा साधा अर्थ होता, आणि तो कोणालाही कळला असता. आम्ही तो ऐकला नाही. आम्ही तिची उघडी चोच काढत बसलो.

सातवी आज्ञा

ज्यांना आम्ही ही गोष्ट सांगितली, त्यांनी आमची समजूत काढली. त्या समजुतीत तीन मुद्दे होते. ते नीट तपासून पाहिले पाहिजेत असे आम्हाला वाटते.

पहिला मुद्दा असा, “अंडी कावळ्याने नेली, तुम्ही नाही. हा तर निसर्गाचा नियम आहे.” खरे आहे. आम्ही गेलो नसतो तरी कावळ्याने ती नेली असती, हे शक्य आहे. पण टिटवी अंड्यांवर बसते ती केवळ ऊब देण्यासाठी नाही. उन्हाळ्यात ती पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. ती उठली की अंडी उन्हात उघडी पडतात आणि घरटे कुठे आहे हे वर बसलेल्या कावळ्यालाही कळते. कावळ्याला वाट आम्ही दाखवली की नाही, याचा पुरावा आमच्याकडे नाही. पण ती वाट तासभर उघडी ठेवली ती आम्हीच. आपल्याकडे म्हण आहे, टिटवी देखील समुद्र आटविते. समुद्राने अंडी नेली म्हणून ती त्याला जाब विचारायला उभी राहिली, अशी पंचतंत्रातली ती गोष्ट. ती वाचताना आपण नेहमी टिटवीच्या बाजूने असतो. या वेळी समुद्राच्या जागी आम्ही होतो.

दुसरा मुद्दा असा, “तुमचा हेतू चांगला होता.” हेतू काय होता ते आम्हीच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टिटवीवर प्रेम होते, हे खरे. परंतु चित्र चांगले व्हावे, लोकांनी वाहवा करावी, हीही इच्छा होती. त्या तासाभरात दुसऱ्या इच्छेने पहिलीला केव्हा मागे टाकले, ते आम्हाला कळले नाही. पाप बहुधा असेच येते. ते वाईट गोष्टीच्या रूपात आले असते तर आम्ही सावध झालो असतो. ते ‘खरे काढायचे’ या चांगल्या नियमाचा हात धरून आले. आठवी आज्ञा पाळण्याच्या भरात आम्ही सातवी विसरलो. कॅटेकिझममध्ये प्राण्यांविषयीची शिकवण कुठे आहे, हे पाहून आम्हाला आश्चर्य वाटले होते. ती चोरीसंबंधीच्या सातव्या आज्ञेखाली आहे. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयेने वागले पाहिजे, त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, असे तिथे सांगितले आहे. आता त्याचा अर्थ आम्हाला उमगतो. आम्ही टिटवीचे काहीच उचलले नव्हते, तरी तिचे काहीतरी घेतले होते. तो तास तिचा होता. तो तिच्या अंड्यांसाठी होता, आणि आम्ही तो आमच्या चित्रासाठी वापरला.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. एक वडीलधारे म्हणाले, “अरे, माणसं उपाशी आहेत, वाड्यांवर आजारी माणसं पडून आहेत, आणि तुम्ही चार अंड्यांचं काय घेऊन बसलात?” हे बोलणे आम्ही बाजूला सारणार नाही. पाखरांविषयी हळवा असणारा माणूस माणसांशी चांगलाच वागतो, असे नाही. वर ज्या ऑड्युबॉनचा उल्लेख केला, तो माणसांना गुलाम म्हणून ठेवत असे आणि त्यांची खरेदी-विक्री करत असे. पंखाचे एकेक पीस निरखणाऱ्या त्या डोळ्यांना समोरचा माणूस माणूस म्हणून दिसला नाही. म्हणून पक्षी पाहून आपण आपोआप चांगले होतो, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शिकवले, की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत. आमचा अनुभव त्याला धरून आहे. समोर कोणी “पुरे, आता जा” म्हणत असताना आपल्या कामाच्या धुंदीत ते न ऐकणे, ही सवय एकच असते. ती टिटवीपुरती राहत नाही. आजाऱ्याच्या घरी भेटीला जाऊन, तो थकला आहे हे दिसत असूनही, आपण प्रार्थना लांबवतो. दुःखी घरात जाऊन “नक्की काय झालं?” हे खोदून खोदून विचारतो. मदतीचे पाकीट देताना फोटो काढतो आणि ज्याला मदत दिली त्याची मान खाली गेलेली आपल्याला दिसत नाही. चित्र चांगले येते! चार अंड्यांचा प्रश्न त्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नापासून वाटतो तितका दूर नाही.

चित्राचे काय करायचे?

आमच्यातील एक म्हणाले, फाडून टाकू. ते आम्हाला पटले नाही. फाडले असते तर मन हलके झाले असते, अंडी परत आली नसती. शिवाय जे घडले त्याची ती एकमेव खूण आहे. दुसरे म्हणाले, लावू आणि खाली सगळी हकिकत लिहू, मुलांना शिकायला मिळेल. हे म्हणणे अजूनही त्यांनी सोडलेले नाही आणि त्यात तथ्य आहे. परंतु सणाच्या दिवशी, रोषणाईत, फ्रेमच्या आत ते चित्र टांगले असते तर लोकांनी खालची हकिकत वाचण्याआधी वर पाहून वाहवा केली असती, आणि आम्ही ती घेतली असती. स्वतःला आम्ही आता एवढे ओळखतो. म्हणून चित्र फाइलमध्ये आहे. त्याच्या मागे पेन्सिलने तारीख आणि घडलेले लिहून ठेवले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी घरी यावे. आम्ही आधी मागची बाजू दाखवू.

आमचे काही नियम बदलले आहेत. घरट्याजवळ जायचे नाही. पक्षी खाणे थांबवून मान वर करून पाहू लागला, की तिथेच थांबायचे. ओरडू लागला, की सामान उचलून निघायचे, चित्र कितीही अर्धे असो. आणि ‘जे दिसले नाही ते काढायचे नाही’ या नियमाला आम्ही शेपूट जोडले आहे. जे दिसू दिले जात नाही, ते न पाहताच राहू द्यायचे.

या वर्षी जूनच्या आरंभी पुन्हा एक टिटवी त्याच भागात बसलेली दिसली. तिचे चित्र आपण प्रदर्शनात पाहिले असेल, पण ते टिटवीचे आहे हे बहुधा कोणाच्या लक्षात आले नाही. दाराच्या डाव्या बाजूला, मिठागराच्या लांबच लांब करड्या बांधावर एक बोटभर तपकिरी ठिपका, वर थोडा काळा, आणि एक इवलीशी पांढरी रेघ. त्या चित्रापुढे कोणी थांबले नाही. ती पिल्ले बाहेर पडली. आम्ही ती दुर्बिणीतून पाहिली, काढली नाहीत.

कोरा ठेवलेला कागद

शेवटी जलरंगातील एक साधी गोष्ट सांगतो. आमच्या रंगांच्या डबीत पांढरा रंग आम्ही ठेवत नाही. मग पांढरा बगळा कसा काढायचा? असे मुलांनी विचारले होते. बगळा काढायचा नसतो. त्याच्या मागचे पाणी, चिखल, तिवराची झाडे रंगवायची आणि बगळ्याची जागा कोरी सोडायची. त्या कोऱ्या जागेत पोटाखाली चिखलाचा पिवळसर उजेड आणि पंखाखाली थोडी निळी सावली दिली, की बगळा उभा राहतो. ब्रश आत नेऊन पांढरेपण ‘करायला’ गेलो, की तो मळतो.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर सात वेळा आपल्या निर्मितीकडे पाहतो आणि ती चांगली असल्याचे त्याला दिसते. तो पाहतो आणि असू देतो.  मत्तयच्या शुभवर्तमानात येशू आपल्याला पाखरांकडे पाहायला सांगतो तेही त्यांना धरण्यासाठी नाही. तिथे त्याने सांगितलेला चिमण्यांचा भाव लूकच्या शुभवर्तमानाशी ताडून पाहा. मत्तयमध्ये एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, वरकड, हिशेबात नसलेली. आणि तीही देवाच्या नजरेतून सुटत नाही. आपली नजर त्याच्यासारखी व्हावी असे आपण म्हणतो. त्याची नजर कोणाला अंड्यांवरून उठवत नाही, हे आम्ही टिटवीपाशी शिकलो. उशिरा शिकलो.

हे प्रभो, जे आम्ही पाहिले नाही ते पाहिल्यासारखे बोलण्यापासून आम्हाला आवर. जे आमचे नाही ते कौतुकापोटीही घेण्यापासून आम्हाला वाचव. आणि कोणी “पुरे” म्हणेल तेव्हा ते ऐकू येईल असे कान आम्हाला दे. आमेन.

चित्र भिंतीवर लावावे की फाइलमध्येच राहू द्यावे, याविषयी आपले मत वेगळे असेल तर पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आम्हाला अवश्य सांगा. या वेळी आम्ही वेळ मारून नेणार नाही.